आकडा फाइलनुसार बदलतो का, ते आधी पाहा

प्रश्न : घरच्या ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी मी नुकताच एक डॅक (डिजिटल आवाजाचे विद्युत लहरीत रूपांतर करणारे उपकरण) घेतला. त्याच्या माहितीपत्रकात ३८४ किलोहर्ट्झ आणि डीएसडी १२८ असे लिहिलेले आहे. विंडोजच्या लॅपटॉपवरून यूएसबीने जोडला, तर २४ बिट १९२ किलोहर्ट्झची फ्लॅक फाइल वाजते; पण डॅकच्या पडद्यावर कायम ४८ हाच आकडा दिसतो. डीएसडी पद्धतीची डीएसएफ फाइल एका प्लेअरमध्ये उघडतच नाही आणि दुसऱ्यात लावली की गाण्याऐवजी नुसती खरखर ऐकू येते. जुन्या डेस्कटॉपवरून ऑप्टिकल केबलने जोडून पाहिले, तेव्हा ९६पर्यंतच्या फाइली नीट चालल्या, पण १९२ला आवाज मध्येमध्ये तुटतो. डॅकच सदोष आहे का? महाग केबल घेतली तर फरक पडेल का? आणि मुळात हा आकडा दिसत नाही म्हणून माझे ऐकण्याचे काही नुकसान होते आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीवरूनही डॅक सदोष असल्याचे ठरत नाही, म्हणून तो परत करण्याची घाई करू नका. तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत आणि बहुधा ती सगळी डॅकच्या अलीकडे, म्हणजे फाइल आणि डॅक यांच्यामधल्या वाटेवर आहेत. आपल्यापर्यंत आलेल्या आकड्यांचे विद्युत लहरीत रूपांतर करणे एवढेच डॅकचे काम. ते आकडे वाटेत कोणी बदलले असतील, तर ते कळण्याची सोय त्याच्याजवळ नसते. त्याच्या पडद्यावर दिसणारा सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने येतात तो दर, तुमच्या फाइलचा नसून प्रत्यक्ष येऊन पोहोचलेल्या प्रवाहाचा असतो, आणि म्हणूनच तो छोटासा पडदा हा या सगळ्या तपासातला सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. प्लेअरच्या खिडकीत '२४/१९२' असे झळकते, ते केवळ फाइलचे वर्णन असते. पुढे फाइलचे काय झाले, हे ती खिडकी सांगत नाही.

आधी ४८चे पाहू. विंडोजवर एका वेळी अनेक प्रोग्रॅम आवाज काढत असतात : गाणे चालू असताना मेलची घंटी वाजते, ब्राउझरमधला एखादा व्हिडिओ मध्येच बोलू लागतो. हे सगळे आवाज एकत्र करणारा मिक्सर विंडोजच्या आतच असतो, आणि एकत्र करायचे तर सगळ्यांचा सॅम्पल रेट सारखा असावा लागतो, म्हणून तो प्रत्येक आवाज एका ठरलेल्या दरात बदलून घेतो. हा ठरलेला दर पुष्कळ संगणकांवर ४८ किलोहर्ट्झ असतो. त्यामुळे तुमच्या फाइलमधील दर सेकंदाच्या १,९२,००० नमुन्यांचे ४८,००० होतात आणि २४ किलोहर्ट्झच्या वरचे जे काही असेल ते गाळले जाते. सीडीवरून घेतलेल्या ४४.१च्या फाइलीही यातून सुटत नाहीत. उलट तिथे ४४.१ आणि ४८ यांचे गुणोत्तर १४७ला १६० असे अडनिडे पडत असल्याने जवळजवळ प्रत्येक नमुना नव्याने गणित करून काढावा लागतो. विंडोजचे हे गणित टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही. पण तुम्ही ज्यासाठी डॅक घेतलात, ते म्हणजे ध्वनिमुद्रण जसे आहे तसे त्याच्यापर्यंत जाणे, आणि ते या मार्गाने होत नाही.

हा दर पाहायचा असेल, तर कंट्रोल पॅनेलमधील 'साउंड' उघडा, 'प्लेबॅक'च्या यादीतून डॅक निवडा, 'प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'ॲडव्हान्स्ड' हे पान उघडा. तिथे 'डीफॉल्ट फॉरमॅट'च्या खाली सॅम्पल रेट आणि बिट यांच्या जोड्यांची यादी मिळते. या यादीतून १९२ निवडला की डॅकवर ताबडतोब १९२ दिसू लागतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एवढेच झालेले असते की आता मिक्सर सगळ्याच आवाजांना १९२मध्ये बदलू लागला आहे. सीडीची फाइल लावा, एखादी जुनी एमपीथ्री लावा किंवा मेलची घंटी वाजू द्या, पडद्यावर १९२च राहील. तेव्हा पडद्यावर मोठा आकडा उमटला की नाही, ही परीक्षाच नव्हे. आकडा फाइलनुसार बदलतो की नाही, ही परीक्षा आहे. एक ४४.१ची, एक ९६ची आणि एक १९२ची अशा तीन फाइली एका यादीत ओळीने लावा, डॅकने ४४.१, ९६, १९२ असे तीन वेगळे आकडे दाखवले तर वाट मोकळी आहे, आणि तिन्हींना एकच दाखवला तर तो आकडा कितीही मोठा असला तरी कुणीतरी मध्ये बसलेले आहे. बऱ्याच डॅकमध्ये दर बदलताना आतल्या रिलेचा बारीक 'टिक' असा आवाज येतो आणि गाण्याचा अगदी पहिला स्वर किंचित खाल्ला जातो. तो दोष नव्हे, डॅक नवा दर धरत असतो. पहिला स्वर खाल्ला जाणे फारच खटकले, तर काही प्लेअरमध्ये दर बदलताना सुरुवातीला क्षणभर शांतता घालण्याची सोय असते.

मिक्सर टाळण्यासाठी विंडोजमध्ये वासापी या व्यवस्थेचा 'एक्स्क्लुझिव्ह मोड' आहे आणि तो व्हिस्टापासून उपलब्ध आहे. त्यात प्लेअर डॅकचा ताबा एकट्याकडे घेतो, डॅकला फाइलच्या दराने चालायला सांगतो आणि बाकीच्या प्रोग्रॅमचे आवाज तेवढा वेळ बंद राहतात. वर सांगितलेल्या 'ॲडव्हान्स्ड' पानावरच प्रोग्रॅमना असा ताबा घेऊ द्यावा की नाही, याची एक चौकट आहे. तिच्यावर खूण असल्याची खात्री करा. नंतर प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट म्हणून डॅकचे एक्स्क्लुझिव्ह रूप निवडा. फूबार२००० या प्लेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत उपकरणांच्या यादीत डॅकचे नाव दोनदा आढळते आणि त्यांतल्या एकापुढे 'एक्स्क्लुझिव्ह' असे लिहिलेले असते. जेरिव्हर, ऑडिर्व्हाना, रून यांच्यातही हीच सोय थोड्या निराळ्या ठिकाणी सापडेल. डॅकच्या उत्पादकाने एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल, तर तोही चालतो, कारण स्टुडिओतील ध्वनिमुद्रणासाठी बनलेली ती व्यवस्थाही विंडोजच्या मिक्सरला वळसा घालूनच जाते. वासापी आणि एएसआयओ यांपैकी कशाचा आवाज गोड, या वादात मी पडणार नाही. दोन्हींतून आकडे जसेच्या तसे जात असतील, तर डॅकला मिळणारा माल तोच असतो.

एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये पहिल्यांदा गाणे लावण्यापूर्वी ॲम्प्लिफायरचा आवाज पुरता खाली आणा, हे मी मुद्दाम आग्रहाने सांगतो. आतापर्यंत विंडोजच्या व्हॉल्यूमपट्टीने आवाज आटोक्यात ठेवलेला असतो. तो आधार अचानक जातो आणि गाणे पूर्ण पातळीवर बाहेर पडते. स्पीकरचे ट्वीटर आणि तुमचे कान, दोन्ही नाजूक आहेत.

आता समजा, 'ॲडव्हान्स्ड'च्या यादीत १९२ दिसतच नाही, ती ९६वरच संपते. असे असेल तर कारण यूएसबीच्या जुन्या व्यवस्थेत शोधावे. यूएसबी ऑडिओ क्लास १ ही पहिली पद्धत यूएसबीच्या 'फुल स्पीड'वर चालते आणि त्यात दर मिलिसेकंदाला एक पॅकेट जाते, ज्यात जास्तीत जास्त १,०२३ बाइट मावतात. ९६ किलोहर्ट्झला एका मिलिसेकंदात ९६ नमुने, दोन चॅनेल आणि प्रत्येक नमुन्याचे ३ बाइट, असे ५७६ बाइट होतात, ते आरामात बसतात. १९२ला तेच १,१५२ होतात, आणि तिथेच गाडे अडते. क्लास २ या पुढच्या पद्धतीत ही अडचण नाही, पण तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये २०१७ साली, विंडोज १०च्या १७०३ या आवृत्तीत प्रथम आला. त्यापूर्वीचे विंडोज असेल, तर डॅकच्या उत्पादकाचा ड्रायव्हर घालावाच लागतो. काही डॅकमध्ये या दोन पद्धतींतून एक निवडण्याचे बटण किंवा मेनूतील पर्याय असतो आणि गेम खेळण्याच्या यंत्रांशी जुळावे म्हणून तो क्लास १वर ठेवलेला असू शकतो, तेव्हा माहितीपत्रकात तेही पाहून घ्या. ड्रायव्हर घालताना डॅकची यूएसबी काढून ठेवावी की जोडलेली ठेवावी, हे उत्पादकाने सांगितलेले असते. ते तसेच करावे, कारण अर्धवट बसलेला ड्रायव्हर शोधून काढणे जिकिरीचे असते.

डीएसडीची गोष्ट वेगळी आहे आणि तिला जरा सावकाश पाहिले पाहिजे. फ्लॅक, अलॅक, वेव्ह या सगळ्या फाइलींत आवाज पीसीएम पद्धतीने, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या १६ किंवा २४ बिटांच्या मोजमापांत साठवलेला असतो. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ साली आणलेल्या सुपर ऑडिओ सीडीसाठी मात्र डीएसडी ही पद्धत वापरली गेली. तिच्यात प्रत्येक नमुना अवघ्या एका बिटाचा, पण नमुने सेकंदाला २८,२२,४०० इतके दाट असतात. हा दर सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या ६४ पट आहे, म्हणून त्याला डीएसडी ६४ म्हणतात; डीएसडी १२८ त्याच्या दुप्पट. फाइलीचे दोन प्रकार तुम्हाला भेटतील, डीएसएफ आणि डीएफएफ. संगीत दोन्हींत तेच असते. कलाकार, राग, अल्बम असा तपशील डीएसएफमध्ये नीट साठवता येतो, म्हणून निवड असेल तर मी डीएसएफ घ्यायला सांगेन.

पहिल्या प्लेअरमध्ये ही फाइल उघडत नाही, याचा अर्थ त्या प्लेअरला डीएसडी वाचताच येत नाही. फूबारला त्यासाठी सुपर ऑडिओ सीडीचा वेगळा जोड घालावा लागतो. जेरिव्हरसारख्यांना काही लागत नाही. तुमच्या डॅकचा याच्याशी संबंध नाही.

दुसऱ्या प्लेअरमधली खरखर अधिक बोलकी आहे. ती ऐकू येते, याचा अर्थ प्लेअरने फाइल वाचली आणि डॅककडे पाठवलीसुद्धा, पण वाटेत तिची मोडतोड झाली. यूएसबीवरून डीएसडी पाठवण्याची सर्वत्र चालणारी युक्ती म्हणजे डीओपी. तिच्यात डीएसडीचे बिट पीसीएमच्या लिफाफ्यात घालून पाठवतात : २४ बिटांच्या प्रत्येक नमुन्यात खालचे १६ बिट डीएसडीचे आणि वरच्या ८ बिटांत एक ठरलेली खूण, जी एकाआड एक बदलत राहते. डॅक ती खूण ओळखतो, लिफाफा फोडतो आणि आतले डीएसडी वाजवतो. खूण जर बिघडली, तर तो सगळा मजकूर त्याला साधे पीसीएम वाटतो, आणि बिटांच्या त्या गर्दीला पीसीएम समजून वाजवले की जे ऐकू येते तीच तुमची खरखर. मिक्सरने दर बदलला, व्हॉल्यूमची पट्टी शंभर टक्क्यांवरून ९९वर आणली, इक्वलायझर चालू राहिला, यांतले काहीही एक घडले तरी खूण शिल्लक राहत नाही. म्हणून डीओपी वापरताना एक्स्क्लुझिव्ह मोड अनिवार्य आहे आणि प्लेअरमधील व्हॉल्यूम पूर्ण ठेवणेही.

याला एक गणिती अटही आहे. २.८२२४ मेगाहर्ट्झला १६ने भागले की १७६.४ किलोहर्ट्झ येतात. म्हणजे डीएसडी ६४ डीओपीने न्यायचे, तर वाट १७६.४ची हवी, आणि डीएसडी १२८ला ३५२.८ची. तुमचा डॅक ३८४पर्यंत जात असल्याने यूएसबीवर दोन्ही बसतात. क्रमाने जायचे तर आधी पीसीएमची तीन फाइलींची परीक्षा उत्तीर्ण करा आणि मगच प्लेअरमध्ये डीएसडीसाठी डीओपी निवडा. तोवर डीएसएफ फाइल लावूच नका. सगळे जुळले की डॅकच्या पडद्यावर किलोहर्ट्झच्या जागी 'डीएसडी' किंवा २.८ असा आकडा येतो. पडद्यावर १७६.४ दिसत असेल आणि खरखर येत असेल, तर दर बरोबर आहे पण खूण हरवली आहे असे समजा आणि व्हॉल्यूम, रिप्लेगेन (वेगवेगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय) आणि इक्वलायझर तपासा. उत्पादकाच्या एएसआयओ ड्रायव्हरमधून डीएसडी लिफाफ्याविना थेटही जाऊ शकते. डीएसडी १२८च्या पुढचे काही ऐकायचे असेल, तेव्हा ते उपयोगी पडते.

एवढा खटाटोप नको असेल, तर प्लेअरला डीएसडीचे पीसीएममध्ये रूपांतर करू द्या, ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डीएसडीमध्ये ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर मुद्दाम ढकललेला बराच गोंगाट असतो, तो कुठे ना कुठे गाळावाच लागतो, आणि पुष्कळ डॅक आत गेल्यावर स्वतःही तसलेच रूपांतर करतात. फक्त एक ध्यानात असू द्या : रूपांतरित आवाज पुष्कळदा मूळ पीसीएम फाइलींपेक्षा ६ डेसिबलने हळू लागतो. हळू आवाज नेहमीच फिका वाटतो, त्यामुळे दोन्हींची पातळी सारखी केल्याशिवाय 'डीओपीच सरस' असा निकाल देऊ नका.

ऑप्टिकल केबलचे उत्तर सोपे आहे. प्रकाशाने जाणाऱ्या या जोडणीची पाठवणारी आणि घेणारी दोन्ही टोके पुष्कळ उपकरणांत ९६ किलोहर्ट्झपुरतीच बेतलेली असतात. १९२ कधी चालतो, कधी चालत नाही आणि कधी तुमच्याप्रमाणे तुटत तुटत चालतो. केबल कुठे तीव्र वळली आहे का, टोकावरची पारदर्शक टोपी काढायची राहिली आहे का, एवढे पाहा, लांबी कमी करून पाहा, आणि तरीही जमले नाही तर त्या डेस्कटॉपवर ९६वर समाधान माना किंवा त्यालाही यूएसबीने जोडा. तांब्याच्या कोॲक्शियल जोडणीवर १९२ साधारणपणे सुरळीत जातो. ३५२.८ मात्र या दोन्ही मार्गांनी सहसा जात नाही, म्हणून डीएसडी १२८साठी यूएसबीच धरून चाला.

महाग केबलबद्दल मी ठाम आहे. आजच्या बहुतेक डॅकमध्ये यूएसबी असिंक्रोनस पद्धतीने चालते, म्हणजे नमुन्यांची लय संगणक ठरवत नाही, डॅकमधले घड्याळ ठरवते. केबलने फक्त बिट पोहोचवायचे असतात. सदोष केबलने आवाज तुटतो, 'कट कट' होतो किंवा डॅक मधूनच दिसेनासा होतो. तार सप्तक बोथट होणे किंवा तबल्याचा बायाँ पातळ पडणे, असले परिणाम तिच्या हातात नाहीत. यूएसबी २.०च्या नियमांत बसणारी, ५ मीटरच्या आतली साधी केबल पुरे आहे. ती लॅपटॉपला सरळ जोडा, मध्ये हब नको, आणि ती केवळ चार्जिंगची केबल नाही एवढे पाहा. डॅकवर संशय घ्यायचा तो या सगळ्यानंतर : दोन वेगळ्या संगणकांवर, दोन वेगळ्या केबलींनी, योग्य ड्रायव्हर घालून आणि एक्स्क्लुझिव्ह मोडमध्येही माहितीपत्रकात लिहिलेला दर मिळाला नाही, तर मात्र परतीची मुदत संपण्यापूर्वी विक्रेत्याला गाठा.

व्हॉल्यूमविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण याबाबत भीती जरुरीपेक्षा जास्त पसरलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये आवाज ६ डेसिबलने उतरवला की साधारण एक बिट कमी होतो, हे खरे. पण १६ बिटांची फाइल २४ बिटांच्या वाटेने जात असेल, तर खाली ८ बिट मोकळेच असतात, म्हणजे ४८ डेसिबल उतरवेपर्यंत मूळ बिटांना धक्का लागत नाही. पीसीएम ऐकताना प्लेअरमधून आवाज थोडा कमी केला, म्हणून हळहळू नका. अडचण आहे ती फक्त डीओपीची. तसेच रिप्लेगेन किंवा खोलीला अनुसरून केलेली ध्वनिदुरुस्ती आकडे बदलते हे खरे असले, तरी घुमणाऱ्या खोलीत त्या दुरुस्तीने होणारा फायदा आकडे अस्पर्श ठेवण्याच्या फायद्याहून कितीतरी मोठा असू शकतो. आधी निखळ वाट तयार करा, आणि मग जाणूनबुजून त्यात जे घालायचे ते घाला.

इतर उपकरणांविषयी थोडक्यात. मॅकवर वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही, पण 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये ठरवलेला दर सगळ्यांना लागू होतो. तो फाइलनुसार बदलणारा प्लेअर तिथेही हवा. अँड्रॉइड फोनचा मिक्सर विंडोजसारखाच वागतो. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे ॲप स्वतःचा ड्रायव्हर वापरून त्याला टाळते, आणि अँड्रॉइड १४पासून बिट जसेच्या तसे पाठवण्याची सोय प्रणालीतही आली आहे, पण ती फोनने आणि ॲपने, दोघांनी वापरली तरच. स्ट्रीमिंग सेवा ब्राउझरमधून ऐकाल तर आवाज मिक्सरमधूनच येणार. टायडल आणि कोबझ यांच्या विंडोजवरील प्रोग्रॅममध्ये एक्स्क्लुझिव्ह मोड आहे, तो चालू करा. ब्लूटूथने मात्र या विषयात येऊच नये. ब्लूटूथवरील एलडॅक या पद्धतीचा कमाल वेगही सेकंदाला ९९० किलोबिट आहे, आणि साध्या सीडीला १,४११ लागतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुकसान होते आहे का? ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात आणि माणसाचा कान तरुणपणीही २०च्या आसपास थांबतो. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिटांत कागदोपत्री १४४ मिळत असला, तरी चांगले डॅकसुद्धा १२०च्या आसपासच पोहोचतात. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी तोवरचे १८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या १२,०००हून अधिक चाचण्यांत श्रोत्यांनी उच्च दराचे ध्वनिमुद्रण ओळखण्याचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. नुसत्या अंदाजाने ५० टक्के मिळतात. फरक आहे, संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरतो, प्रशिक्षित कानांना तो अधिक कळतो. पण तो किती बारीक आहे, हेही त्याच आकड्यात दिसते. माझे स्वतःचे मत असे की २४ बिट ९६ किलोहर्ट्झ नीट वाजू लागले की घरी ऐकणाऱ्याने निश्चिंत व्हावे, आणि १९२साठी झोप उडवू नये. याउलट त्याच मैफलीच्या दोन वेगवेगळ्या मास्टरिंगमधला, म्हणजे ध्वनिमुद्रणाला दिलेल्या अंतिम रूपांमधला, फरक कुणालाही पहिल्या मिनिटात कळतो : एकात तानपुऱ्याची आस शेवटपर्यंत विरत जाते आणि दुसऱ्यात सगळे दाबून एकाच पातळीवर आणलेले असते. जुन्या सीडीवर ते नाजूकपणे केलेले असेल आणि नव्या १९२च्या फाइलीत आवाज चढवून ठेवलेला असेल, तर सीडीच उजवी.

म्हणूनच विकत घेतलेली फाइल खरोखर काय आहे, हे एकदा तपासा. स्पेक नावाचा मोफत प्रोग्रॅम फाइलचा वर्णपट चित्ररूपात दाखवतो. आडवी दिशा वेळेची, उभी कंप्रतेची. १९२ म्हणून घेतलेल्या फाइलीत सगळा रंग २२ किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखा सरळ रेषेत थांबत असेल आणि वर निव्वळ काळोख असेल, तर ती बहुधा सीडीचीच नक्कल मोठ्या दरात ताणलेली आहे. रंग हळूहळू विरत गेला असेल, तर मात्र संशय घेऊ नका, कारण जुन्या फितीवरच्या ध्वनिमुद्रणांत २० किलोहर्ट्झच्या वर मुळातच फारसे काही नसते. ३० किलोहर्ट्झच्या वर एकसारखे धुके दाटत गेलेले दिसले, तर फाइल डीएसडीवरून तयार केलेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि ते धुके संगीत नसून मघाशी सांगितलेला ढकललेला गोंगाट आहे.

काही जुन्या संग्रहांत एमक्यूए या स्वरूपाचा उल्लेख असलेल्या फ्लॅक फाइली आढळतील. त्या पडद्यावर ४४.१ किंवा ४८च दाखवतात आणि त्यांचा पुढचा भाग उलगडायला वेगळा डीकोडर लागतो. ते स्वरूप काढणारी कंपनी २०२३मध्ये आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेली आणि टायडलनेही २०२४मध्ये ते स्वरूप सोडून फ्लॅक स्वीकारले, तेव्हा केवळ त्यासाठी डॅक बदलू नका. ज्या फाइलींत २२ किलोहर्ट्झची भिंत स्पष्ट दिसते, त्यांची स्पेकमधली चित्रे जतन करा आणि खरेदीच्या पावतीसह विक्रेत्याला पाठवून, मूळ ध्वनिमुद्रण कोणत्या दराचे आहे, हे लेखी विचारा.